नीट गेली, आता नर्सिंगला जाऊ का? जीएनएम डिप्लोमा का बीएस्सी डिग्री, खरं काय ते सांगा

बार्शीकरीण_०७

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितीय, चुकलं तर सांभाळून घ्या. यंदा बारावी सायन्स झाली, पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ६१ टक्के पडले आणि नीटला २१४, म्हणजे एमबीबीएसचा विषयच संपला आणि बाकीच्याची फी आम्हाला झेपणार नाही. रिपीट करायची माझी इच्छा नाही, घरची परिस्थिती पण नाही, वडलांची साडेतीन एकर आहे आणि द्राक्षबाग मागच्या वर्षी काढून टाकली. नर्सिंगची सीईटी दिलेली आहे, पर्सेंटाईल मध्यमच.

आता प्रश्न असा की एका पाहुण्यांच्या ओळखीचा एक कन्सल्टंट आहे, तो म्हणतोय बाहेरच्या राज्यात जीएनएम करून देतो, कॉलेजला जायची गरजच नाही, फक्त परीक्षेला जाऊन यायचं, तीन वर्षाचे मिळून दीड लाख. बाबांना ते बरं वाटतंय कारण पोरगी घरी राहील आणि होस्टेलचा खर्च वाचेल. आत्या म्हणते नर्सला स्थळं येत नाहीत, रात्रपाळी असते. आई काहीच बोलत नाही.

मला नर्सिंग का करायचंय तर आजीला सिव्हिलला ठेवलं होतं तेव्हा मी १९ दिवस तिथंच होते, रात्री तीन वाजता आजीची सलाईन बंद पडली, हात सुजला, आणि एक सिस्टर आल्या त्यांनी लाईट पण नाही लावली सगळी, मोबाईलच्या उजेडात दुसऱ्या हाताला शीर शोधली आणि आजी जागी पण नाही झाली. तेव्हापासून डोक्यात आहे. रक्ताचं मला काही वाटत नाही, उलटी मात्र बघवत नाही. तर जीएनएम का बीएस्सी, त्या कन्सल्टंटचं काय करू, आणि पगार खरंच किती मिळतो? प्लीज खरं सांगा, गोड नको.

---

आयसीयू_ब्रदर

पहिलं म्हणजे त्या कन्सल्टंटचा नंबर ब्लॉक कर. मस्करी नाही करत. याला आमच्याकडे नॉन अटेंडिंग म्हणतात आणि दरवर्षी आमच्या आयसीयूत अशी एक दोन पोरं येतात इंटरव्ह्यूला, सर्टिफिकेट चकाचक, मार्क ७५ टक्के, आणि हातात बीपी ॲपरॅटस दिला की कफ उलटा बांधतात. मागच्या वर्षी एकाला विचारलं की ५०० एमएल सलाईन आठ तासात द्यायचंय, साध्या सेटने मिनिटाला किती थेंब? तो म्हणाला सर पंप असतो ना. पंप असतो, पण सगळीकडे नसतो आणि असला तरी बंद पडतो. (उत्तर २१, साध्या सेटला एक एमएलचे २० थेंब धर आणि गणित करून बघ, आत्तापासून सवय लागेल.) त्या पोराचं मला वाईट वाटलं खरं म्हणजे, घरच्यांनी दीड दोन लाख घातलेले असतात आणि पोराला काहीच येत नसतं.

शिवाय बाहेरच्या राज्यातून केलं की तिथल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, मग तिथून एनओसी, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला अर्ज, पडताळणी, यात महिने जातात. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात नसेल तर तू कायद्याने नर्सच नाहीस, डिप्लोमा कितीही फ्रेम करून लाव.

आता जीएनएम का बीएस्सी. तुला पीसीबी आहे, ६१ टक्के आहेत, इंग्लिश आहे, तर बीएस्सीच कर, यात मला तरी शंका नाही. बीएस्सी चार वर्ष, जीएनएम तीन. त्या एका वर्षासाठी पुढची दोन वर्ष घालवू नको कारण जीएनएमवाल्याला डिग्री पाहिजे असेल तर पोस्ट बेसिक बीएस्सी आणखी दोन वर्ष, म्हणजे तीन अधिक दोन पाच. एम्सची नर्स भरतीची नॉरसेट परीक्षा पण बीएस्सीवाल्याला डायरेक्ट देता येते, जीएनएमला ५० बेडच्या हॉस्पिटलचा दोन वर्षाचा अनुभव लागतो. तिथं बेसिक ४४,९०० आहे, वर भत्ते. आणि तू मुलगी आहेस म्हणजे एम्समध्ये ८० टक्के जागा तुमच्यासाठी, आम्ही ब्रदर लोक, म्हणजे पुरुष नर्स, उरलेल्या २० मध्ये मारामाऱ्या करतो :)

---

मेट्रन_नाही_झाले

मी निवृत्त परिसेविका (वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर) आहे, ३३ वर्षं सरकारी नोकरी झाली, शेवटची सात वर्षं प्रसूती कक्ष. मुलीने हे ॲप घालून दिलंय त्यामुळे टायपिंगच्या चुका माफ.

बाळा वरच्या ब्रदरने बरोबर सांगितलं आहे पण मी जीएनएमला कमी म्हणणार नाही. मी स्वतः जीएनएम. आमच्या वेळी जिल्हा रुग्णालयाच्या शाळेत होतो, सकाळी साडेसहाला वॉर्डात उभं करायचे, दुपारी लेक्चर आणि झोप आली तर उभं राहून ऐकायचं. पहिलं वर्षभर बेड बनवले, चादरीचा कोपरा नीट मुडपला नाही तर ट्यूटर अख्खा बेड उपसून टाकायच्या. तेव्हा शिव्या घातल्या मनातल्या मनात. नंतर कळलं की बेड बनवता बनवता पेशंटची पाठ बघून होते, बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, पहिल्यांदा लाल डाग असतो तो तेव्हाच दिसतो, डॉक्टर राउंडला येऊन पाठ उलटी करून बघत नाहीत.

तर माझं म्हणणं असं की कोर्स कुठला यापेक्षा ते कॉलेज कुठल्या रुग्णालयात पोरींना पाठवतं ते बघ. बीएस्सीच्या कॉलेजला स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय असावं असा नियम आहे. कागदावर खाटा सगळ्यांच्या असतात. तू आणि बाबा एक दिवस काढा, ज्या कॉलेजला नंबर लागतोय तिथल्या रुग्णालयात सकाळी दहा वाजता जाऊन नुसतं बसा, कुणाला काही विचारू नका. खाटा भरलेल्या आहेत का, लेबर रूम चालू आहे का, मुली वॉर्डात दिसतात का आणि दिसल्या तर त्या हाताने काम करतायत का भिंतीला टेकून केसबुक उतरवतायत. मी एका ठिकाणी तपासणीच्या दिवशी खाटेवर चप्पल घालून झोपलेले पेशंट पाहिले आहेत. समजून घे.

सरकारी मिळालं तर डोळे झाकून घे. मुंबईला जेजे, पुण्यात ससून, नागपूरला मेडिकल, तिथं पेशंट इतका की तू नको म्हणशील. पण मेरिट वर जातं.

आणि तुला उलटी बघवत नाही म्हणतेस, मला पहिल्या वर्षी सक्शनचा, म्हणजे घशातला कफ ओढायच्या मशीनचा, आवाज सहन व्हायचा नाही. अजून होत नाही. तोंडाने श्वास घ्यायचा आणि हात चालू ठेवायचे, जमतं.

---

सोडून_सुखी

सगळे आरती ओवाळतायत म्हणून मी जरा दुसरी बाजू सांगते, ताईने स्वतःच म्हटलंय गोड नको.

मी बीएस्सी नर्सिंग २०१७ ला झाले, पुण्यात एका प्रायव्हेट हॉस्पिटलला लागले, पहिला पगार हातात साडेतेरा हजार, रूमचं भाडं शेअरिंगमध्ये साडेचार, मेस तीन, घरी काय पाठवणार. आयसीयूत एका व्हेंटिलेटरच्या पेशंटमागे एक नर्स पाहिजे, माझ्याकडे एका रात्री चार पेशंट होते, त्यातले दोन व्हेंटवर. नाईट बारा तासाची, रात्री आठ ते सकाळी आठ, पण पुढच्या पाळीला ओव्हर देऊन चार्टिंग पूर्ण करून निघेपर्यंत साडेनऊ. जॉईन होताना ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतली होती, दोन वर्षाचा बॉण्ड, सोडायचं म्हटलं तर पन्नास हजार भरा. पेशंटचे नातेवाईक डॉक्टरांसमोर हात जोडतात आणि डॉक्टर गेले की आपल्यावर ओरडतात. तीन वर्ष केलं, मग पाठ गेली, आता इन्शुरन्स क्लेमच्या कंपनीत बसून काम करते, पगार दुप्पट, रविवार सुट्टी. डिग्री वाया नाही गेली म्हणा, क्लेम वाचताना कोणतं बिल फुगवलंय ते दोन मिनिटात कळतं :D

आणि तो सुप्रीम कोर्टाचा विषय कुणी काढला नाही अजून. कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्राने समिती नेमली होती, तिने २०१६ मध्ये शिफारस केली की २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार द्या आणि ५० बेडच्या आतलं छोटं हॉस्पिटल असलं तरी २० हजाराच्या खाली नको. माझे साडेतेरा हे त्यानंतरचे आहेत, आणि हॉस्पिटल २०० बेडच्या वरचं होतं.

---

आयसीयू_ब्रदर

@सोडून_सुखी ताई एकही शब्द खोटा नाही, फक्त ओरिजिनल कुणालाच द्यायचे नाहीत हे तिला ठळक करून सांगा. झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि परत बॅगेत घाला. मी पण एकदा अडकलो होतो, शेवटी वकिलाची एक नोटीस गेल्यावर एका दिवसात फाईल सापडली, त्याआधी तीन महिने सापडत नव्हती.

पण प्रायव्हेटची पहिली दोन वर्ष फुकट जातात असं पण नाही ना. मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत, कॅज्युअल्टीत दोन वर्ष काढली की त्या कागदाला बाहेर किंमत आहे. गल्फवाले दोन वर्षाचा अनुभव मागतातच.

---

पोळी_आणि_ब्रोट

मी जर्मनीत आहे, चार वर्ष झाली, मूळची सांगलीकडची, म्हणून बाहेरचं थोडं लिहिते कारण हल्ली प्रत्येक गावात जर्मनीला पाठवतो म्हणणारा एकजण तयार झालाय. महाराष्ट्र सरकारचा २०२४ ला बाडेन व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार झाला तेव्हापासून तर जास्तच.

इथं नर्सची गरज आहे हे खरं. पण जर्मन भाषेची बी२ पातळी लागते आणि बी२ म्हणजे गुटेन मॉर्गेन नाही, रात्री फोनवर चिडलेल्या डॉक्टरला पेशंटचं काय बिघडलं ते सांगता आलं पाहिजे. मला शून्यापासून बी२ ला १४ महिने लागले, लिहिण्याचा आणि बोलण्याचा भाग दुसऱ्या वेळी निघाला. मग इथं आल्यावर आपली डिग्री त्यांच्या शिक्षणाशी ताडून बघतात, कमी पडलं तर काही महिने वॉर्डात प्रशिक्षण नाहीतर एक परीक्षा, ते होईपर्यंत तुम्ही सहाय्यक आणि पगार पण त्याच हिशोबाने. हे एजंट सांगत नाहीत.

आणि एक गोष्ट ज्याने माझ्या बॅचच्या निम्म्या मुली पहिल्या महिन्यात रडल्या. इथं मावशी नाहीत. आपल्याकडे अंघोळ, बेडपॅन, भरवणं हे वॉर्डातल्या मदतनीस मावशी आणि मामा करतात, आपण इंजेक्शन आणि फाईल. इथं सकाळी सहाला तुम्ही स्वतः आठ आजोबांचं तोंड धुवून, अंग पुसून, डायपर बदलून, कपडे घालून खुर्चीत बसवायचं, आणि शीर शोधणं वगैरे पुष्कळदा डॉक्टरचं काम. माझी एक मैत्रीण म्हणाली मी बीएस्सी कशाला केलं मग. मला उलट आता ते आवडतं, पेशंटचं अंग पुसताना जे कळतं ते फाईलमध्ये नसतं (वरच्या परिसेविका मॅडमनी बेडसोरचं लिहिलंय तेच).

सो आधी कोर्स नीट कर, जर्मन तिसऱ्या वर्षापासून सुरू कर, आणि पैसे आधी भरा म्हणणाऱ्याला लांबून नमस्कार.

---

सुताराची_सून

स्थळाचं उत्तर मी देते कारण मी तेच आहे :) जीएनएम, गावाकडचं सासर. बघायला आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या रात्रीची नोकरी म्हणजे कसं. आता सगळी आळी माझ्याकडे शुगर तपासायला येते आणि सासूबाई रांग लावतात.

मी सध्या समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रावर आहे, सीएचओ म्हणतात, हा एक रस्ता कुणी सांगितला नाही म्हणून लिहितेय. बीएस्सी झालं की किंवा माझ्यासारखं पोस्ट बेसिक केलं की सहा महिन्याचं ट्रेनिंग असतं, मग उपकेंद्रावर. कंत्राटी आहे, एनएचएम म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली, परमनंट नाही आणि हा आमच्या सगळ्यांचा मोठा सल आहे, आंदोलनं करून झाली. पण रात्रपाळी नाही, बीपी शुगरचे पेशंट, गरोदर माता, लसीकरण, आणि मरणाचं ऑनलाईन भरणं. ॲपमध्ये एंट्री नाही तर काम झालंच नाही असा प्रकार. नेट नसलं की मी फोन घेऊन पाण्याच्या टाकीवर चढते, खरंच.

सरकारी परमनंट पाहिजे तर अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) भरती निघते, आरोग्य विभागाची वेगळी आणि मेडिकल कॉलेजांची वेगळी, बेसिक ३५,४०० आहे. जागा निघायला उशीर लागतो, निकालाला त्याहून. तोपर्यंत कुठंतरी काम चालू ठेवायचं, घरी बसून फक्त अभ्यास करणाऱ्या मुलींच्या हातची सवय जाते.

फीचं सांगते. ॲडमिशन सरकारी कॅप राउंडमधूनच घे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलंस तर सवलती मिळत नाहीत. सवलतीसाठी महाडीबीटीच्या सरकारी पोर्टलवर फॉर्म भरायचा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा असेल तर तो आणि नॉन क्रिमिलेअर आत्ताच काढायला टाक, तहसीलला जून जुलैत मारामारी असते.

---

बार्शीकरीण_०७

बापरे एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना ब्रदर दादाचं आणि सोडून सुखी ताईंचं दोन्ही वाचून दाखवलं. दीड लाखाच्या विषयावर ते बराच वेळ गप्प होते मग म्हणाले त्या माणसाला मी सांगतो. उद्या सोलापूरला एका कॉलेजच्या दवाखान्यात जाऊन बसणार आहोत दहा वाजता, मॅडमनी सांगितल्यासारखं. आई पण येते म्हणाली, तिने पहिल्यांदा तोंड उघडलं.

एक भीती आहे ती राहिली. माझं सगळं मराठी मीडियम, अकरावी बारावीला पण पाठ करूनच काढलं. बीएस्सी सगळं इंग्लिशमध्ये, जमेल का? आणि हातून चूक झाली तर? म्हणजे चुकीचं औषध वगैरे. याच विचाराने झोप लागली नाही काल.

---

मेट्रन_नाही_झाले

चुकीचं औषध या विचाराने झोप लागत नाही ना, मग तू नर्स होशील. ज्या पोरींना ती भीती वाटत नाही त्यांची मला भीती वाटायची.

एक सांगते, कुठलं रुग्णालय ते नको. माझं नोकरीचं दुसरं वर्ष, पहाटे चार, वॉर्डात मी एकटी. इंजेक्शन डायल्यूट करायला डिस्टिल्ड वॉटरच्या खोक्यातून अँप्युल घेतली, मान मोडली, सिरींजमध्ये ओढली. मोडलेली अँप्युल टाकायच्या आधी लेबल वाचायचं अशी ट्यूटरने सवय लावली होती, नुसती सवय, त्यात अक्कल नव्हती. वाचलं तर पोटॅशियम क्लोराईड. कुणीतरी उरलेल्या अँप्युल त्याच खोक्यात टाकल्या होत्या, दोन्ही सारख्याच दिसायच्या. केसीएल थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं, ते कायम सलाईनमध्ये मिसळून हळूहळूच द्यायचं असतं. मी खाली बसले. पेशंट झोपलेला होता, त्याला आयुष्यात कळलं नाही. सकाळी इन्चार्ज सिस्टरना स्वतःहून जाऊन सांगितलं, त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, कपाटातून केसीएल बाहेर काढलं आणि वेगळ्या डब्यात लाल चिकटपट्टी लावून ठेवलं. ती पट्टी मी पुढे ज्या ज्या वॉर्डात गेले तिथं लावली.

औषध उचलताना एकदा वाच, भरताना एकदा वाच, ठेवताना एकदा वाच. आणि पेशंटला तुमचं नाव पाटील का असं विचारायचं नाही, नाव काय तुमचं असं विचारायचं. ग्लानीतला माणूस कशालाही हो म्हणतो, आणि एका वॉर्डात तीन पाटील असतात.

---

आयसीयू_ब्रदर

इंग्लिशचं टेन्शन घेऊ नको, मी लातूरकडचा, झेडपीची शाळा. पहिलं सेमिस्टर ॲनाटॉमी फिजिऑलॉजी डोक्यावरून गेलं, एका विषयात केटी पण लागली. मी एक वही केली होती, रोज वॉर्डात ऐकलेले दहा शब्द, समोर मराठीत आपल्या भाषेत अर्थ. डिस्प्निया म्हणजे धाप, एडिमा म्हणजे सूज, दाबलं की खड्डा पडतो ती. दिवाळीपर्यंत पाचशे झाले. पेपरमध्ये लांब वाक्य लिहायला जाऊ नको, छोटी लिही, आकृती काढ. आणि वॉर्डात तर तुझं मराठी हीच तुझी कमाई आहे, सोलापूरच्या म्हातारीला पोटात कळ येते का आग होते का गोळा उठतो, हे तीन वेगळे आहेत ते कॉन्व्हेंटवाल्या डॉक्टरला तूच सांगणार.

दुसरं म्हणजे हेपॅटायटिस बी ची लस आत्ताच सुरू कर, तीन डोस असतात, दुसरा महिन्याने आणि तिसरा सहा महिन्याने, म्हणजे क्लिनिकल पोस्टिंगपर्यंत निदान दोन होतील. आणि कधी सुई टोचलीच तर पिळत बसायचं नाही, साबण पाण्याने धुवायचं आणि लगेच सांगायचं, एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासानंतर उपयोग नसतो. इन्चार्ज ओरडतील म्हणून लपवणारी पोरं बघितलीत मी.

---

सोडून_सुखी

मी एवढं वाईट लिहूनही पोरगी जाणारच आहे वाटतं :) जा बाई. एक खरं सांगू का, पगाराची आठवण आली की राग येतो पण त्या चार पेशंटच्या रात्रीतला एकजण, रिक्षावाले काका, दोन महिन्यांनी चालत हॉस्पिटलला आले होते पेढे घेऊन. मला ओळखलं नाही त्यांनी, बेशुद्धच होते तेव्हा. मी पण सांगितलं नाही. पेढा खाल्ला.

पाठ सांभाळ मात्र. पेशंट उचलताना गुडघ्यात वाक, कमरेत नाही, आणि एकटीने उचलू नको, मामांना हाक मार, थांबावं लागलं तरी चालेल. मी घाईत उचलायचे.

---

बार्शीकरीण_०७

आज जाऊन आलो. पहिल्या ठिकाणी दीड तासात ओपीडीला ११ माणसं मोजली बाबांनी, वॉर्डाला कुलूप. परत निघालो तर आईच म्हणाली आता आलोच आहे तर दुसरं पण बघू. तिथं पाय ठेवायला जागा नव्हती, मुली पळत होत्या, एकीच्या हातात ट्रे आणि दुसरीला मॅडम बीपी परत घे म्हणून ओरडत होत्या. बाबा बाहेर येऊन म्हणाले इथं भरू पहिला पर्याय. आत्याला अजून सांगितलेलं नाही.

आता एकच विचारते, नंबर लागलाच तर आत्तापासून काय काय घ्यावं लागेल? बाबा विचारतायत बजेट किती धरू.

---

सुताराची_सून

युनिफॉर्म आणि पुस्तकं कॉलेज सांगेल तेव्हाच, आधी घेऊ नको, सीनियरकडून अर्ध्या किमतीत मिळतात. स्टेथो आणि बीपीचं पण पहिल्या महिन्यात घाई नाही. शूजला मात्र पैसे घाल, मऊ तळव्याचे, अर्धा नंबर मोठे, संध्याकाळी पाय सुजतात. आणि एक घड्याळ घे, सेकंद काटा असलेलं, साधं. नाडी मोजायला आणि थेंब मोजायला. डिजिटल नको, स्मार्टवॉच तर नकोच, वॉर्डात काढायलाच लावतात. बार्शीत तीनशे चारशेत मिळेल, काटा लाल असला तर बरं, रात्री दिसतो.